ब्रेक दाबलाच नाही म्हणे

ज्यांना थापा वाटतील त्यांनी इथूनच परत फिरावं. हे माझ्या थोरल्या मामांच्या बाबतीत घडलंय, आणि मामा खोटं बोलत नाहीत. खोटं बोलायला गोड जीभ लागते, ती त्यांना कधीच नव्हती.

रात्रही नव्हती. रविवारची टळटळीत दुपार. बायपासलगतचं पत्र्याचं गॅरेज. मामा एकटे.

पूर्वी तिथे दोघे भाऊ असायचे. धाकटे मामा लोकांच्या गाड्या चालवायचे आणि रिकामे असले की थोरल्यांच्या हाताखाली राबायचे. म्हणजे झोपायचे. माणूस महाझोपाळू.

चाकाचं बेअरिंग तपासायला दोघं लागतात. गाडी जॅकवर चढवायची, एकाने चाक वरून-खालून धरून हलवायचं. खुळखुळलं की आतल्याने ब्रेक दाबायचा. दाबल्यावर खुळखुळ थांबली, तर दोष बेअरिंगचाच. धाकटे मामा सीट पार मागे सरकवून आत लवंडायचे. बाहेरून मामा ओरडायचे, "दाब." मग "सोड." मध्ये दोन शिव्या.

गेल्या वर्षी एका वळणावर धाकट्या मामांची व्हॅन भिंतीवर गेली. ते जागीच गेले. मागे बसलेल्या बाईंचा पाय गेला.

व्हॅनचा मालक गावभर सांगत सुटला, "डुलकी लागली त्याला. ब्रेक दाबलाच नाही."

पटायलाही सोपं. त्यांची झोप कुणाला ठाऊक नव्हती? मामांनाही पटलं, आणि मेलेल्या भावावर ते वर्षभर धुमसत राहिले. भरडली गेली धाकटी मामी. पाय गेलेल्या बाई तिच्याच गल्लीतल्या. मामी मान खाली घालून लांबच्या रस्त्याने बाजारात जायची.

तर त्या रविवारी एक नवा ड्रायव्हर व्हॅन लावून गेला. पुढचं डावं चाक घुं घुं करतंय, बघून ठेवा म्हणाला, आणि चालता झाला.

रंग नवा होता...

नंबर तोच.

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय हा निर्लज्जपणा! पत्रा ठोकून, रंग फासून तीच गाडी याच दारात आणून लावायची. लोटून रस्त्यावर काढावी असं त्यांना वाटलं. पण ते 'घुं घुं' काही डोक्यातून जाईना. त्यांनी जॅक लावला.

हाताने चाक फिरवलं. आतून खडे दळल्यासारखी घरघर. वर-खाली धरून हलवलं. चांगलंच खुळखुळत होतं.

हल्ली हाताखाली कुणी नाही, म्हणून मामा ब्रेक दाबून धरायला पेडलला एक दांडा अडकवतात. तो दांडा भिंतीला टेकून उभा होता. पण रागाच्या भरात, जुन्या सवयीने तोंडातून निघून गेलं...

"दाब."



आणि आत... टक्. पेडल खाली गेलं.

चाक तरी खुळखुळतच होतं.

मग... पुन्हा एकदा.

चाक मामांच्या हातात घट्ट झालं.

मामा तसेच उकिडवे बसून राहिले. कॉम्प्रेसर बंद. रस्त्यावर एक गाडी नाही. शेवटी ते उठले आणि त्यांनी व्हॅनचं दार उघडलं.

आत कुणी नव्हतं.

पेडल दाबलेलंच होतं. आणि सीट... पार मागे सरकलेली. नवा ड्रायव्हर तर बुटका होता.

भीती वाटायला हवी होती. मामांना आला संताप. कारण दोनदा दाबण्याचा अर्थ त्यांना कळला होता. बेअरिंग इतकं ढिलं झालं की लटपटणारं चाक ब्रेकचे पॅड मागे ढकलतं. पहिल्यांदा दाबलेला ब्रेक फुकट जातो. पकडतो तो दुसऱ्यांदा. मालकाने रंग नवा दिला होता, बेअरिंग मात्र तेच ठेवलं होतं. त्या वळणावर दुसऱ्यांदा दाबायला वेळ कुठला?

दाबला होता त्याने.

जागा होता तो.

मामांनी फोन करून मालकाला बोलावलं. धाकट्या मामीलाही. मामी आली. मालकही आला, तणतणतच. ब्रेक जाम झाला असेल, त्यात काय एवढं, म्हणाला. पेडलखाली पाय घालून ते उचलायला सीटवर बसला...

आणि तसाच उतरला. तोंड पांढरंफटक. तिथे काय झालं ते त्याने आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही.

"बेअरिंग गेलंय हे माझ्या भावाने तुला सांगितलं होतं की नाही?" मामांनी विचारलं. "हिच्यासमोर बोल. त्याशिवाय गाडी हलायची नाही."

मालकाने एकदा त्या पेडलकडे पाहिलं.

"सांगितलं होतं," तो म्हणाला. "मीच म्हटलं, एवढी एक फेरी मार, मग बघू."

मामांचे हात शिवशिवत होते. पण आधी ते चाकापाशी बसले. चाकावर हात ठेवला.

"सोड."

टक्... पेडल वर आलं. चाक पुन्हा खुळखुळायला लागलं.

मग मामांनी मालकाची कॉलर धरली आणि त्या पाय गेलेल्या बाईंच्या दारात नेऊन तेच पुन्हा बोलायला लावलं.

परत आले तेव्हा मामी व्हॅनमध्ये बसली होती. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर. मामांना पाहून ती खाली उतरली. वर्षभर मान वर न केलेल्या मामीने त्यांच्या डोळ्यांत डोळे घातले.

"सोड म्हणायच्या आधी मला विचारायचं होतंत, दादा. मला एक शब्द बोलायचा होता त्यांच्याशी."



मामी आता सरळ रस्त्याने, ताठ मानेने बाजारात जाते. पण तिचा राग गेलेला नाही. रविवारी दुपारी ती गॅरेजमध्ये येते. जॅकवर जी गाडी असेल तिच्यात जाऊन बसते, शेजारच्या सीटवर. आणि बाहेर बसलेल्या मामांना म्हणते, "म्हणा."

मामा चाक धरतात आणि म्हणतात.

मागच्या रविवारी मीही तिथे होतो. मामा "दाब" म्हणाले. चाक हलतच राहिलं. दहा वेळा म्हणाले असतील. मामी उतरली, घरी गेली.

दार लावायला म्हणून मी आत वाकलो...

ड्रायव्हरची सीट पार मागे होती.

ती आधीपासूनच तशी होती का, हे मला काही केल्या आठवत नाही. मामीला अजून सांगितलेलं नाही. सांगावं की नाही, तेही कळत नाही.