हंड्याचं टेंगूळ

दुपारपर्यंत पहिली धार लागणार होती, म्हणून ऊनाने सकाळीच लाकडी गोळा दोरीने दारू गाळायच्या तांब्याच्या हंड्याच्या गळ्याशी टांगला.

बेटावरचा हा व्हिस्कीचा कारखाना तिच्या आजोबांच्या काळात बंद पडला होता. टोरांटोहून ती परतली, ती तो जुन्याच पद्धतीने चालवायला. ही खेप बिघडली तर पुन्हा भिजवायला जव उरले नव्हते. कारखान्याला परत कुलूप लागणार होतं.

जुना हंडा झिजला की नव्यात त्याचे पोचेसुद्धा जसेच्या तसे उतरवतात, चव बदलू नये म्हणून. ऊनाने सगळे उतरवून घेतले. जुन्या हंड्याच्या खांद्यावरचं एक टेंगूळ तेवढं ओंगळ दिसतं म्हणून वगळायला सांगितलं.

भट्टीवरचा म्हातारा हेक्टर गोळा बघून थबकला.

"हा कुठून काढलास, पोरी?"

"माळ्यावर होता. ठोकलं की आवाजावरून कळतं, फेस कुठवर चढलाय. विसरलात की काय, काका?"

"विसरलो नाही. आम्हीच काढून ठेवला होता."

तिने ठोकलं. ठक. आवाज मोकळा आला. फेस खालीच होता.

मग आतून आवाज आला. ठक.

"तांबं तापतंय," ऊना म्हणाली. तिने दोनदा ठोकलं. आतूनही दोनदा...

हेक्टर हलक्या आवाजात बोलू लागला. "तुझ्या आजोबांच्या वेळी इथला गडी रॅनल्ड हंडा घासायला आत उतरला होता. कोणीतरी झाकण लावलं, जवाचं आंबवण आत सोडलं, खाली आग घातली. तो आतून ठोकत होता. बाहेर सगळे जेवत बसलेले. त्यांना वाटलं, गोळाच वाजतोय. माझा बाप म्हणाला, आज गडी फेस फारच बघतोय..."

ठक, ठक, ठक.

"आत कोणी नाही, काका. मी स्वतः बघून भरलाय."

"तेव्हाही हेच म्हणाले होते."

ऊनाने गोळ्याकडे पाहिलं. तो हलत नव्हता. धार आता लागतच आली होती.

तिने आग ओढून विझवली. आंबवण गटारात सोडून दिलं. सगळं. हेक्टर मध्ये पडला नाही.

हंडा निवायला संध्याकाळ झाली. तिने वर चढून झाकण काढलं आणि आत विजेरी मारली. आत कोणी नव्हतं.

खाली उतरताना तिचा हात हंड्याच्या खांद्यावर टेकला. नव्या, गुळगुळीत तांब्याला बाहेरच्या अंगाने मुठीएवढं टेंगूळ आलं होतं, जुन्या हंड्याला होतं तिथेच.

हंडा थंडगार पडला होता. टेंगूळ कोमट होतं.