इंटरव्हलनंतरची मैत्रीण

कोथरूडमधल्या क्लासच्या गेटात अवनीच्या सायकलचं चाक थेट एका बुटावर चढलं. ब्रेक लागला, पण उशिरा. अवनीने डोळे घट्ट मिटले... उघडले, तर एक उंच मुलगा शांतपणे चाकाकडे बघत उभा.

“सावकाश उतरवा,” तो म्हणाला. “बूट नवा आहे. पाय जुनाच आहे, त्याचं काही नाही.”

मागे कॅरिअरवर बसलेली सृष्टी फिसकन हसली आणि अवनीच्या कानाशी पुटपुटली, “आला गं तुझा हिरो.”

त्याचं नाव शौनक.

सृष्टी मूळची अकोल्याची. बाबा आयटीत, म्हणून ती नववीत पुण्याला आली. पहिल्याच दिवशी तिने बाईंना ‘का’ऐवजी विचारलं, “काहून?” आणि अख्खा वर्ग खिदळला. दुसऱ्या दिवशी अवनी मुद्दाम उभी राहिली. म्हणाली, बाई, हे उत्तर असं काहून? तिला वर्गाबाहेर काढलं, आणि तिथून दोघींचं जे जमलं ते जमलंच. ‘काहून’ हा त्यांचा स्वतःचा शब्द झाला.

दुसरं वेड सिनेमाचं. पण तक्रार ठरलेली. हिरॉईनची मैत्रीण गाण्यात मागे नाचते, निरोप पोचवते आणि इंटरव्हलनंतर गायब! मेली की सासरी गेली, कुणी विचारतसुद्धा नाही. म्हणून त्यांचं ठरलं होतं, मोठं झाल्यावर सृष्टी सिनेमा लिहिणार आणि अवनी त्यात काम करणार. दोन मुली, अगदी शेवटच्या पाटीपर्यंत. आणि हिरो? ठेवू की एखादा, सृष्टी म्हणायची, गाण्यापुरता.

शौनक मात्र गाण्यापुरता राहिला नाही. क्लास सुटला की तो गेटाशी थांबायचा. “आज कुठला पाय पुढे करू?” असं अगदी गंभीर चेहऱ्याने विचारायचा, आणि अवनीच्या कानाच्या पाळ्या तापायच्या. त्याने हसून पाहिलं की तिला सायकलचं कुलूपसुद्धा उघडता यायचं नाही. त्याचे निरोप सृष्टी आणायची. सृष्टीच्या घरी जाणं मागे पडलं... उद्या जाऊ, परवा जाऊ.

मग तो रविवार. पोस्टरवर फक्त हिरॉईनचाच चेहरा असलेला सिनेमा लागला, तिघं गेली. जिन्यात सृष्टीने अवनीचा हात धरला. “एक सांगायचंय तुला. इंटरव्हलला सांगते.”

मध्ये सृष्टी, आजूबाजूला ती दोघं. पडद्यावर हिरॉईन आणि तिची मैत्रीण भांडत होत्या, हसत होत्या. अवनीने सृष्टीला कोपराने ढोसलं. ही टिकणार बघ.

दिवे लागले. शौनकने सृष्टीच्या डोक्यावरून अवनीकडे पाहिलं. ते पाहणं असं होतं की अवनीच्या तोंडून निघून गेलं, “सृष्टी, सामोसे आणतेस?”

सृष्टी उठून गेली.

शौनक सरकून मधल्या खुर्चीत आला. अंधार झाला. “तुझ्या चाकाचा डाग आहे ना बुटावर...” तो अडखळला. “मी तो पुसलाच नाहीये. म्हणजे... मला तू आवडतेस.”

अवनीने त्याच्या हातात हात दिला.

थोड्या वेळाने रांगेच्या कडेला बसलेल्या काकूंनी एक कागदी पिशवी पुढे केली. “तुमच्या मैत्रिणीने दिलीय. मी म्हटलं, अगं, एक खुर्ची आहे की रिकामी. तर म्हणाली, ही माझी नाही.”

अवनीला कळलं, सृष्टी रुसली. उठावंसं वाटलं... पण हात हातात होता. उद्या मनवू, तिने ठरवलं, आणि सिनेमा संपेपर्यंत बसून राहिली. पडद्यावरची मैत्रीण परत आलीच नाही.

संध्याकाळी मात्र राहवेना. शौनकला कळवून ती सायकल दामटत सृष्टीच्या सोसायटीत पोचली. दाराला कुलूप. वॉचमन दशरथमामांनी सांगितलं, साहेबांची नोकरी गेली ना मंदीत, सामान कालच गेलं, आणि मघाशी माणसंही अकोल्याच्या गाडीला गेली. फोन? घरात एकच, साहेबांचा, तो कंपनीचा होता, कंपनीने घेतला परत.

“तुला सांगितलं नाही पोरीने?” मामा म्हणाले. “आज सांगणार म्हणत होती.”

अवनी जिन्याच्या पायरीवर बसली. हँडलला अडकवून आणलेल्या पिशवीतले सामोसे थंडगार, तिन्ही तसेच. गेटातून कुणी तरी पळत आलं. शौनक. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याच्या बुटावर चाकाचा डाग अजून होता.

“का गं? का रडतेस?” किती हळुवार विचारलं त्याने.

“काहून म्हण ना,” अवनी म्हणाली.

“काय?”

त्याला कळलं नाही. कळणार तरी कसं... आणि आता या शहरात ते कुणालाच कळणार नव्हतं.