मांडवातून उठलेली

सोनू पुन्हा बोलेल की नाही, या काळजीनं मी आठ रात्री जागून काढल्या. नवव्या दिवशी दुपारी सासरे म्हणाले, "सूनबाई, टॉकीजमधली ताडपत्री आणायची हाये, चला," आणि मी सोनूचं बोट धरून निमूट निघाले. निमूट निघण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही. एम.ए., बी.एड. आहे मी.

सोनू पाच वर्षांची. आठ दिवसांपूर्वी चुलतभावाची पँट घालून ती कुंपणाच्या भिंतीवर घोड्यावर बसावं तशी बसली, आणि आजोबांच्या मित्रांकडे बघून तिनं शिट्टी मारली. माझ्या सासऱ्यांची, विठ्ठलरावांची इज्जत इतकी नाजूक, की एका पोरीच्या फुंकरीनं पडली. त्यांनी तिला घरामागच्या आमच्या बंद टॉकीजच्या प्रोजेक्टर-कॅबिनमध्ये कोंडलं. दीड तास दार वाजत होतं. मी पोळ्या लाटत होते. एकोणीस लाटल्या, सगळ्या गोल. अंकुर, म्हणजे माझा नवरा, "बाबा जुन्या वळणाचे आहेत" एवढं बोलून मोबाईल घेऊन बसला. सोनू बाहेर आली ती मुकी.

टॉकीजमध्ये आता सोयाबीनने भरलेले कट्टे असतात. कॅबिनचा जिना चढताना सासरे खुशीत होते.

"अशीच एक होती, सूनबाई. काळ्यापांढऱ्या पिच्चरमंदी. घोड्यावर बसे, माणसायले चाबकानं झोडपे. शेवटी तर मांडवातून उठते, नवरदेवाले तसाच ठेवते अन् बूट वाजवत चालली जाते! खाली बायका टाळ्या पिटून राह्यल्या होत्या. मंग मी काय केलं?"

मला माहीत होतं. लग्न झाल्यापासून दर दिवाळीला ऐकत होते. दुसऱ्या खेळाआधी त्यांनी कात्रीनं तेवढाच तुकडा उडवला. तीन आठवडे बाभुळगावात ती मांडवातच बसून राहिली आणि दिवे लागले. बाकी सगळीकडे ती निघून गेली. इथे तिचं लग्न लागलं.

"मी तिले घरी बसवली," ते म्हणाले. एका कात्रीच्या जोरावर हा माणूस पन्नास वर्षं मर्द म्हणून मिरवत होता.

कॅबिनमध्ये सिरक्यासारखा आंबट वास कोंदला होता. जुनी फिल्म कुजली की येतो तसा. झरोक्यातून उजेडाची एकच पट्टी आत पडत होती. सोनूनं माझं बोट सोडलं आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली. घाबरली नव्हती ती. मी त्यालाच घाबरले.

खाली पडद्यापुढच्या लाकडी स्टेजवर वाजलं... टक्. थांबून पुन्हा... टक्.

"उंदीर," सासरे म्हणाले.

उंदरांना टाचा नसतात, असं मी म्हणाले नाही. मी बरंच काही म्हणत नाही.

त्यांनी फळीवरचा गंजका डबा काढला. "हे पाह्य, पोरी. लय उडत होती. आता कशी डब्यात हाये." तुकडा उलगडून त्यांनी झरोक्यापुढे धरला, आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

"रिकामी काहून दिसते?..."

मी तुकडा हातात घेतला. मांडव होता, मुंडावळ्या बांधलेला नवरदेव होता. शेजारचा पाट रिकामा. पुढच्या चौकटीतही रिकामा. तिच्या उठून जाण्याचाच तो तुकडा, आणि त्यात ती कुठेच नव्हती. अगदी शेवटच्या चौकटीत मांडवही नव्हता. एक अंधारी खोली होती. कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन एक म्हातारा बसला होता, दाराकडे तोंड करून. डोक्यावर पांढरी टोपी.

मी सासऱ्यांच्या टोपीकडे बघितलं.

टक्... टक्... आता जिन्यावर. मग दाराबाहेर येऊन थांबलं.

"कोन हाये तिथं?... सूनबाई... पाह्य न..." सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला हुकूम न सोडता काही मागितलं होतं.

मी तुकडा खाली ठेवला, तिथेच पडलेली ताडपत्री उचलून छातीशी धरली आणि बाहेर गेले. जिना रिकामा होता. नुसता तो आंबट वास, अगदी जवळून, कुणी शेजारी उभं असावं तसा. वळून बघितलं तर सोनूही बाहेर आली होती. दार तिनं ओढून घेतलं होतं आणि बाहेरच्या कडीवर तिचा हात होता. ती वर बघत होती. माझ्याकडे नाही, माझ्या बाजूला, माझ्यापेक्षा उंच बाईचा चेहरा जिथे येईल तिथे. तिनं मान हलवली.

मला तिचा हात धरता आला असता.

आठ दिवसांनी तिचा आवाज फुटला, स्वच्छ, जरासुद्धा न अडखळता.

"आबाजी, तुमी बसा. कडी आमी लावतो."