कालच्याशी तुलना

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या हिमकूप केंद्रात रेवती वाघधरे एकटीच राहत होती. बर्फ वितळवून पाणी साठवायचं काम यंत्रं करत. यंत्रं ठीक आहेत ना, हे रेवती बघे. आणि रेवती ठीक आहे ना, हे बघायला तिच्या पोटाच्या कातडीखाली देहप्रहरी बसवलेला होता. ध्वनिलहरींनी तो रोज सकाळी आतले अवयव तपासायचा. वजन, झोप, अगदी दिवसभरात उच्चारलेले शब्दसुद्धा मोजायचा. बदल दिसला की पृथ्वीवर लाल दिवा लागे आणि मगच तिला फोन येई. ठणठणीत माणसाशी बोलण्यात वेळ कोण घालवणार?

तीन वर्षांत दिवा लागला नव्हता.

सत्तेचाळिसाव्या वाढदिवशी तिने पाकिटातला शिरा गरम केला, दोन घास खाल्ले आणि देहप्रहरीची सेटिंग्ज उघडली. तो आजच्या शरीराची तुलना कालच्या शरीराशी करत असे. तिने ‘काल’ खोडून ‘पहिला दिवस’ लिहिलं. वजन उतरलंय, दिवा लागेल, कुणीतरी माणूस बोलेल. बेत एवढाच.

बाराव्या मिनिटाला फोन आला.

“रेवतीताई, मी डॉक्टर निलोफर मुजावर. कंबरेत, कुशीत दुखतंय का?”

“नाही हो. खरं सांगू? मीच खोडी काढली. वाढदिवस आहे आज.”

शब्द खाली जाऊन उत्तर वर यायला तीन सेकंद लागत. या वेळी जास्त लागले.

“शुभेच्छा. पण ही खोडी राहिली नाही, ताई. तुमची डावी किडनी फुगलीय. गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ आहे. पहिल्या दिवशी लिंबाएवढी होती, आता नारळाएवढी. बाजूला वाढत जाऊन ती मूत्रवाहिनीवर बसलीय. लघवी खाली उतरेना, म्हणून किडनीत तुंबत गेली. असं क्वचित होतं.”

“आणि मला पत्ता नाही?”

“हळूहळू दाबलं तर बरेचदा दुखत नाही. उजवी किडनी दोघींचं काम ओढत राहिली.”

“थोरली दिसतेय. पण प्रहरी काय करत होता?”

“चूक आमची. चंद्रावर शरीर बदलतंच. जुन्या मापाशी ताडलं तर दिवसभर दिवे लागतील, म्हणून आम्ही ‘काल’ लावला. गाठ रोज केसभर वाढली. कालच्यापेक्षा आज, काहीच नाही. असं हजार वेळा काहीच नाही.”

“किडनी वाचेल?”

“आजच नळी घातली तर बहुतेक.”

केंद्रातला शस्त्रक्रियेचा यांत्रिक हात निलोफरने पृथ्वीवरून चालवला. प्रत्येक हालचालीनंतर तीन सेकंद थांबत तिने मूत्राशयातून वर, दबलेल्या जागेपलीकडे बारीक नळी सरकवली. तुंबलेलं वाहू लागलं. गाठ दोन महिन्यांनी, पृथ्वीवर परतल्यावर काढायची ठरली.

मग रोज फोन आला. दहाव्या दिवशी निलोफर म्हणाली, “किडनीचा दिवा विझला, ताई.”

“चला.” रेवतीने चादरीची सुरकुती काढली. काढलेली पुन्हा काढली. “आता ‘काल’ लावून टाका.”

तीन सेकंद.

“चंद्रामुळे लागलेले दिवे मी मिटवलेत, काढायची ठरलेल्या गाठीचाही. एक मिटवत नाही. सोबत आलेले सगळे तुम्हाला केंद्रावर सोडून परतले, त्या पहिल्या दिवशी तुम्ही यंत्रांशी, भिंतींशी, स्वतःशी मिळून सहा हजार शब्द बोललात. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी अकरा.”

“अकरा तरी कुणाशी बोलले, कोण जाणे.”

“रोज पाच-सहा कमी. प्रहरीच्या लेखी काहीच नाही. आता नियमाप्रमाणे दिवा असेपर्यंत मला फोन करावा लागणार.”

रेवती गप्प झाली. तीन सेकंद, सहा, नऊ.

“ताई?”

“जपून बोलतेय. दिवा विझला तर?”

“सहा हजार झाल्याशिवाय विझत नाही. आज किती झालेत?”

रेवतीने भिंतीवरच्या पडद्यावर प्रहरीने मोजलेल्या शब्दांचा आकडा पाहिला. “चाळीससुद्धा नाहीत. तुमच्याकडे वेळ आहे?”

“आहे.”

“मग शिऱ्यापासून सांगते,” रेवती म्हणाली, आणि नीट मांडी घालून बसली.