जोडखोली नंबर तीन

पहाटे साडेपाच : उठणे

घंटा झाली तेव्हा मी जागीच होते. वसाहतीतला माझा पहिला दिवस. बादली घेऊन धुराच्या दिशेनं चालत गेले, तर बंबाच्या आडून एक माणूस असा अचानक उभा राहिला की बादली माझ्या हातून सुटली. गडगडत त्याच्या पायाशी जाऊन थांबली.

"सिग्नल न्हाई, शिट्टी न्हाई," तो म्हणाला, "डायरेक फलाटावर?"

मी बघत राहिले. अंगात जुना निळा कोट, भुवयांवर राख, दोन्ही हातांत सरपण. आणि डोळे... ओले, हसरे. धुरानं ओले असतील.

"नव्या नर्सबाई तुमीच न्हवं?"

"नर्स नाही. रिटायर झाले मी."

"हितं कोन रिटायर होत न्हाई, बाई. तीस वर्सं इंजनावर फायरमन हुतो, कोळसा मारला. हितं आलो तर म्यानेजर म्हनले, सावळाराम, तुला आगीची सवय हाय, बंब तू बघ." त्यानं बादली भरली, कडी कोटाच्या बाहीनं पुसली आणि मग माझ्या हातात दिली. "तुमालाबी गाठतील. दुपारपतूर."

सकाळी आठ : सेवाकाम

दुपारपर्यंत कशाला, आठलाच गाठलं.

दौंडाबाहेर, भीमेच्या अंगाला ही वसाहत. एका ट्रस्टनं रेल्वेतल्या, जिल्हा परिषदेतल्या, नगरपालिकेतल्या निवृत्त लोकांसाठी बांधलेली. पाटीवर 'विसावा', टांगेवाल्यांच्या तोंडी 'म्हाताऱ्यांची लाइन'. एका बाजूला बायकांची लाइन, समोर पुरुषांची, आणि दोन्हींच्या मधे नवरा-बायकोंसाठी चार जोडखोल्या. प्रत्येकानं आपलं जुनं काम थोडं थोडं चालू ठेवायचं, अशी पद्धत. मास्तरांनी पेपर वाचायचा. शिंपीदादांनी गुंड्या लावायच्या. मॅनेजर सोपानरावांनी माझ्यासमोर टेबल मांडलं, त्यावर प्रेशरचं मशीन ठेवलं, आणि टेबलापासून कडुनिंबापर्यंत रांग लागली.

मला नाही म्हणायचं होतं.

चौतीस वर्षं शिरूर तालुका तुडवला. कवठे येमाई, पाबळ, मधल्या वाड्या. कंदिलावर बाळंतपणं केली. शेवटच्या दोन वर्षांत वरून आकडे यायचे, या महिन्यात नसबंदीच्या इतक्या केसेस आणा, तितक्या आणा. ज्यांच्या सुना मी बाळंतपणात सोडवल्या त्या बाया मला बघून दार लावायला लागल्या. सत्त्याहत्तर साली मी घरी बसले. झोपून जाणारा थकवा नव्हता तो. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, मूल नव्हतं, घर भाड्याचं. मला फक्त एक खोली हवी होती, जिथं कुणी माझ्याकडे काही मागणार नाही.

"नर्सबाई, गुडघा बघा ओ."

बघितला.

सकाळी अकरा : पेपरवाचन

रांगेत कधीच आला नाही असा एकच माणूस होता.

मास्तर पेपर वाचत होते. तीसेक म्हातारे-म्हाताऱ्या बाकांवर. सावळाराम माझ्या बाकावर येऊन बसला, मधे एका माणसाची जागा सोडून.

"तुमाला काय होतं?" तो हळूच म्हणाला.

"मला?"

"समद्यांची नाडी तुमी बघता. तुमची कोन बघतं?"

मी समोर बघत राहिले. आणि मग — का ते माहीत नाही — हात बाकावर ठेवला, मधल्या जागेत.

"तिथं नाही... अंगठ्याच्या खाली."

"हां. घावली."

"किती?"

"थांबा की. मोजतोय."

तो मोजत राहिला. मास्तरांचं एक पान उलटलं.

"बंद पडली की काय?"

"न्हाई. चालू हाय. पर लय लेट. मालगाडी हाय ही."

मी हसले. तोंडावर पदर घेऊन, पण मोठ्यानं. किती वर्षांनी, ते मोजायला मात्र कुणी नव्हतं.

मास्तर थांबले. चष्म्यावरून बघत म्हणाले, "नर्सबाई, बातमी निधनाची आहे."

(दुसऱ्याच दिवशी आम्ही कामं बदलली. मी बंबापाशी, तो टेबलापाशी. मशीनला हातही न लावता तो प्रत्येकाला म्हणाला, "प्रेशर वक्तशीर हाय, जावा." सगळे खुशीत गेले. अंघोळीचं पाणी मात्र कोमट निघालं आणि सोपानरावांनी दोघांना फैलावर घेतलं. मान खाली घालून शेजारी शेजारी उभे होतो. त्याची करंगळी माझ्या करंगळीला लागली. त्यानं काढली नाही. मीही नाही.)

दुपारी बारा : जेवण

बायकांची पंगत आणि पुरुषांची पंगत समोरासमोर. तो नेमका माझ्या समोरचा पाट धरायचा. त्याच्या वाट्याचा गुळाचा खडा वाढप्याबरोबर माझ्या ताटात यायचा. पहिल्यांदा मी परत पाठवला. दुसऱ्यांदा खाल्ला.

दसऱ्याच्या सुमारास, हात धुताना, नळापाशी तो म्हणाला, "मनमाडची गाडी पुन्याकडनं येती. दौंडात आली की इंजन सोडायचं आन् उलट्या टोकाला लावायचं. आतल्या पाशिंजराला वाटतं, माघारी निघालो. पर न्हाई. गाडी फुडंच जाती."

"हे मला का सांगताय?"

"म्हंजी..." तो ओल्या हातांकडे बघत राहिला. "बायकोला जाऊन धा वर्सं झाली. तुमी बी एकल्याच. म्हनलं... आपलं बी इंजन दुसऱ्या टोकाला लावून बघावं का?"

नळ चालू होता. मी तो बंद केला.

"उद्या सांगते," म्हणाले. चार पावलं गेले आणि वळले. "उद्या कशाला... लावा."

दुपारी एक ते तीन : विश्रांती

या वेळात काही घडत नसे. तो त्याच्या लाइनीत पडायचा, मी माझ्या. दोन्ही दारं उघडी. मधे ऊन.

दुपारी तीन : कार्यालय

"लग्न करा की! पेढे मी आणतो," सोपानराव म्हणाले. वाईट माणूस नव्हता. "पण नवरा-बायको म्हटलं की जोडखोली. लग्न झालेली माणसं दोन लाइनींत दोन खोल्या अडवून ठेवता येत नाहीत, नियम आहे. आणि जोडखोल्या चारही भरलेल्या."

"मोकळी कवा व्हईल?" सावळारामनं विचारलं.

"जोडीतलं एक गेलं की. मागं राहिलेलं लाइनीत येतं." ते कागद शोधू लागले. "नाहीतर बाहेर खोली घ्या. तुमची मर्जी."

बाहेर. म्हणजे रॉकेलचा स्टोव्ह, सार्वजनिक नळ, जिना, बाजार. मी एकोणसाठ वर्षांची, तो त्रेसष्ट, त्याच्या छातीत तीस वर्षांचा कोळसा. पुरून उरेल इतकं काम दोघांनी करून झालं होतं. आम्ही इथं हात टेकायला आलो होतो.

"थांबू," मी म्हणाले.

"थांबू," तो म्हणाला.

प्रतीक्षा यादीवर सोपानरावांनी लिहिलं : १. सावळाराम, ताईबाई. माझं नाव कुणाच्या तरी नावाशेजारी सदतीस वर्षांनी लागलं होतं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं. वाट कशाची बघायची आहे, ते दिसलं नाही.

दुपारी चार : सामूहिक उपक्रम

कॅरम, भजन, शिवण. शिवणाचा वर्ग इमामभाईंचा. शिंपीदादा म्हणत ते हेच. बहात्तर वर्षांचे. जोडखोली नंबर तीन. बायको जन्नतबी, माझी मैत्रीण. वसाहतीत मला चहा पाजून बदल्यात औषध न मागणारी ती एकटीच.

"नर्सबाई, तुझा लग्नाचा झंपर हेच शिवणार हायेत," ती म्हणायची. "पर लवकर कर बाई. सुईत दोरा मी ओवते आता."

इमामभाईंच्या पायाला सूज होती. घोट्यावर अंगठा दाबला की खड्डा पडायचा आणि राहायचा. मी वहीत लिहायचे. पंधरा दिवसांनी खड्डा जास्त खोल, जास्त वेळ. लिहायचे. रात्री उशा तीन लागतात. लिहायचे.

चार जोडखोल्या, आठ माणसं. आठांचीही पानं माझ्याच वहीत होती.

संध्याकाळी कडुनिंबाखाली सावळाराम विचारायचा, "इमामभाईची तब्येत कशी हाय?"

"उतरतेय."

तो काटकीनं मातीत रेघा मारायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा. मी पुन्हा सांगायचे. आमच्या प्रेमातलं नेमानं होणारं बोलणं एवढंच उरत गेलं, आणि आम्हाला कळलं नाही... नाही, खोटं. कळत होतं.

संध्याकाळी साडेपाच : फेरफटका

जन्नतबीची हाक आली. मी धावले.

इमामभाई पलंगाच्या कडेला बसलेले, तोंड उघडं, ओठ निळे. छातीत पाणी खळखळावं तसा श्वास. मी दारात पोचले आणि समोर त्यांची खोली दिसली. नदीकडची खिडकी, भिंतीशी दोन पलंग.

आणि माझ्या मनात आलं : पलंग खिडकीकडे हवा.

एवढंच. पापणी लवण्याइतकं.

मग हातांनी त्यांचं काम केलं. पाठीशी उशा, पाय खाली सोडलेले, पेटीतलं इंजेक्शन. सावळाराम टांगा घेऊन आला. गावातल्या डॉक्टरांच्या दवाखान्यापर्यंत इमामभाईंना मी बसतं धरून ठेवलं. वाटेत ते माझ्या मनगटाला धरून होते, गच्च.

वाचले. बाराव्या दिवशी परत आले. सगळी वसाहत फाटकापाशी उभी. "नर्सबाईनं वाचवलं," जन्नतबी सगळ्यांना सांगत होती. तिनं माझी दृष्ट काढली.

संध्याकाळी सहा : प्रार्थना

मी गेले नाही. सावळारामही नाही. तो कडुनिंबाखाली बसला होता. मी समोर उभी राहिले.

"मला एक सांगायचंय. ऐकल्यावर तुम्ही मला नको म्हणालात तरी चालेल."

"बसून सांगा."

"उभ्यानंच सांगते. त्या दिवशी मी दारात पोचले. माणूस मरत होता. आणि मी... पलंग कुठं लावायचा ते ठरवलं."

प्रार्थनेचे सूर येत होते. त्यानं हातातली काटकी खाली टाकली. मला वाटलं, उठून जाईल.

"खिडकीकडं?" त्यानं विचारलं.

"...हो."

"मी बी तिकडंच लावला हुता," तो म्हणाला. "दिवाळीपासनं."

मी खाली बसले. त्यानं तोंड फिरवलं. त्याचे डोळे ओले होते, आणि आज धूर नव्हता.

"रोज इचारायचो तुमाला, कशी हाय तब्येत. तुमी म्हनायचा उतरतीया. आन् माझ्या पोटात... बाई, मला बरं वाटायचं. मानसाला असं वाटावं? त्यानं माझ्या कोटाला अस्तर लावून दिलंय."

"मलाही बरं वाटायचं."

कुणी कुणाचे अश्रू पुसले नाहीत. माझ्या आयुष्यात प्रेमाचा कबुलीजबाब म्हणतात तो हाच झाला. याहून गोड कुणाचा झाला असेल, तर असो.

"यादीतनं नाव काढू," मी म्हणाले.

"काढू. आन्?"

"आणि बाहेर खोली बघू."

"पानी भरावं लागंल."

"भरू."

"तुमी दमलाय, बाई. मला दिसतंय. तुमी हितं दमूनच आला हुता."

"हो. पण कुणाच्या मरणाची वाट बघून जे दमायला होतं ना... ते मला नाही झेपणार. पाणी झेपेल."

तो उठला. मला उठवायला हात पुढं केला. सबंध वसाहत प्रार्थना संपवून बाहेर पडत होती. मी तो हात धरला आणि सोडला नाही.

संध्याकाळी सातनंतर वेळापत्रकात काही नव्हतं

सोपानरावांनी नावावर रेघ मारली. "थोडा धीर धरला असता," म्हणाले. आम्ही कारण सांगितलं नाही.

लग्न दौंडच्या बुद्धविहारात झालं. त्रिसरण, दोन हार, चहा. इमामभाई टांग्यातून आले, खुर्चीवर बसले. चहानंतर त्यांनी सावळारामला जवळ बोलावलं.

"अरे, जरा थांबला असतास तर आमचीच खोली मिळाली असती तुला."

सावळारामनं त्यांचे दोन्ही हात धरले. "म्हनून तर निघालो, इमामभाई."

इमामभाई हसणार होते. हसले नाहीत. त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. सगळं समजल्यासारखी मान हलवली, आणि सावळारामच्या गालावर दोनदा थोपटलं.

स्टेशनामागं, पहिल्या मजल्यावर खोली मिळाली. दुपारपासून जिना चढ-उतर केला. स्टोव्ह पेटेना. तो खोकत होता, माझी कंबर धरली होती. शेवटी कागदावर शेव-चुरमुरे ओतले आणि फरशीवर बसलो.

"दमलात?" मी विचारलं.

"लय."

"मीही."

टेकायला भिंत नव्हती. घरमालकानं सकाळीच चुना दिलेला, चारही भिंती ओल्या. सावळारामनं इकडं तिकडं बघितलं, मग उठून माझ्या मागं आला आणि पाठ फिरवून बसला. मी थोडी मागं सरले. त्याच्या पाठीला माझी पाठ लागली. तो खोकला की मीही हलायचे.

"टेका की," तो म्हणाला. "पुरतं टेका. मी हाय."

मी टेकले.