निळा त्रिकोण

टेचिमानच्या बाजारामागं, यामच्या कंदांचे ट्रक उतरतात त्या गल्लीत पोकुआचं दुकान होतं. मयताची पोस्टरं, मयताच्या पुस्तिका, मयताचे व्हिडिओ, सगळं एकाच कॉम्प्युटरवर. धंदा बरा चालायचा. गावात माणसं मरायची काही थांबत नव्हती, आणि मेलेल्याला थाटात पोचवल्याशिवाय मागच्यांना चार लोकांत तोंड दाखवायची सोय नव्हती.

पण त्या आठवड्यातलं काम घरचंच होतं. तिचा धाकटा भाऊ अंत्वी लिबियाला जायला निघाला, वाळवंटाच्या तोंडाशी असलेल्या अगादेझपर्यंत त्याचे फोन आले, आणि पुढं वाळवंटात शिरला तो शिरलाच. दीड वर्ष झालं त्याला. ओपोकू मामा म्हणजे घराण्याचा कर्ता. तो म्हणे, शनिवारी मयत उरकून टाकू, देह नाही तर पेटीत कपडे ठेवू. आई म्हणे, जित्या पोराचं मयत मी होऊ देणार नाही. दोघांच्या कात्रीत पोकुआ, कारण पोस्टर तिलाच करायचं होतं.

"पोस्टरसाठी फोटो तरी काढून ठेव गं," मामा दारातूनच म्हणाला. "न पोचवलेला जीव ना इकडचा राहतो ना तिकडचा."

"आणि उद्या तो दारात उभा राहिला तर, मामा?"

"तर मी स्वतः बकरं कापीन. पण शनिवारी मयत, ठरलं म्हणजे ठरलं."

बुधवारी उत्तरेकडून परतलेला गावातलाच एक ड्रायव्हर दुकानात आला. ओठ फुटलेले, अंगावर सगळी धूळ. फोनमधलं एक मेमरी कार्ड त्यानं टेबलावर ठेवलं. अगादेझला ट्रक सुटतात त्या आवारात सापडलं, म्हणाला, वर अंत्वीचं नाव खरडलंय. चहासुद्धा न घेता गेला.

कार्डात दोनच गोष्टी होत्या. एक व्हिडिओ, जो कशातच उघडेना, आणि तो उघडण्यासाठीचा एक प्लेअर. नाव नाही, गाव नाही, नुसता निळा त्रिकोण. एरवी पोकुआनं असल्या वस्तूला हात लावला नसता. पण भावाचं नाव निघाल्यावर शहाणपण राहतंय कुठं? तिनं तो कॉम्प्युटरवर घेतला. मध्येच एक चौकट आली, कोणकोणत्या प्रकारच्या फायली मी उघडू म्हणून, आणि झाडून सगळ्यांपुढं आधीच बरोबरच्या खुणा. न वाचताच तिनं पुढं, पुढं केलं. सगळे करतात तेच.

व्हिडिओ उघडला नाहीच, नुसता काळा पडदा. पण तो बंद करून बघते तर काय, कॉम्प्युटरवरच्या एकूण एक फायलीवर निळा त्रिकोण! गाणी, फोटो, पुस्तिका, छपाईचे दर, काही म्हणून सुटलं नव्हतं.

शेजारचा यूसिफ कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. तो बघून हसलाच. "हे प्लेअर मेले असलेच. बोट दिलं की हात धरतात. घाबरू नकोस, फायली शाबूत आहेत. कुणी उघडायच्या, तेवढं त्यानं आपल्याकडं घेतलंय."

त्यानं फायलींचा एकेक प्रकार पुन्हा ज्या त्या प्रोग्रामच्या हवाली केला आणि प्लेअर मुळासकट काढला. तासाभरात त्रिकोण परत. पुन्हा काढला, पुन्हा परत. यूसिफचं हसू गेलं.

"सगळं पुसून नव्यानं टाकावं लागेल."

"शनिवारनंतर, यूसिफभाऊ. आधी पोस्टर."

पण फोटो उघडायला तर हवा! ती एकेक उघडून बघू लागली. प्लेअर यायचा, चालणार नाही म्हणायचा आणि मिटायचा. अंत्वीच्या फोटोवर मात्र तो मिटला नाही. पडदा काळाच राहिला, खालचे सेकंद धावू लागले आणि स्पीकरमधून कुणीतरी श्वास घेतला. मग सोडला.

"खरखर आहे ती," यूसिफ म्हणाला. "फोटोला गाणं समजून वाजवलं की असंच होतं."

"खरखर मध्येच आवंढा गिळते का?"

यूसिफनं स्पीकरचा आवाज कमी केला आणि आपल्या दुकानात निघून गेला.

आईला सांगायला नको होतं. पण पोटात ठेवायचं तरी किती? आई आली, स्पीकरला कान लावून बसली आणि ढसाढसा रडली. "माझाच आहे गं! लहानपणी ताप चढला की असाच धापायचा." तिथून तडक ती आपल्या भावाकडं गेली. मामानं आकाशपाताळ एक केलं, फोटो श्वास घेतो म्हणे, मायलेकींची डोकी फिरलीत म्हणाला. पण जन्म देणारीच नको म्हणते तिथं कर्त्याचंही काय चालतंय? मयत रद्द झालं.

त्यानंतर आई रोज दुकानात येऊन बसे, कसाव्याचे कंद सोलत, ऐकत. पहिल्यांदा नुसता श्वास होता. मग त्यामागं वारा ऐकू येऊ लागला, सणसणीत, कोरडा. पुढं ट्रकची घरघर आली. एक दिवस त्यात "कुमासी, कुमासी, कुमासी!" अशी शहराची गाडी भरणाऱ्याची हाळी आली, आपल्याच गाडीतळावरची. आई टाळ्या वाजवत हसली. पोकुआ दाराकडं बघू लागली.

सोमवारी अगादेझहून फोन आला. वाळूत सांगाडे सापडले होते. एकाच्या कमरेला अंत्वीचं ओळखपत्र होतं. दीड वर्षापूर्वीच गेला होता तो.

पोकुआनं आईचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"चुकले असतील ते लोक," ती शांतपणे म्हणाली. "ऐक ना, गल्लीत वळलाय."

स्पीकरमध्ये याम उतरवणाऱ्यांचा कालवा होता. मग तो मागं पडला. मग पंख्याची कुरकुर सुरू झाली.

पोकुआनं वर पाहिलं. तिच्याच पंख्याची.

"आई, मी बंद करते," ती म्हणाली.

"आई, मी बंद करते," स्पीकर म्हणाला.

तिनं वायर हिसडून काढली. पडदा विझला. पंख्याची कुरकुर एकच उरली.

श्वास मात्र चालूच होता. दाराजवळ.

आईला भीती कसली ती नव्हतीच. तिनं लगबगीनं स्टुलावरचे कागद उचलले, पदरानं स्टूल पुसलं, माठातलं गार पाणी पेल्यात भरून पुढं ठेवलं. आल्यागेल्याला आधी बसवायचं, पाणी द्यायचं, मगच विचारायचं, ही रीत. थोडा वेळ थांबून तिनं रीतसर विचारलं, "इकडं सगळं क्षेम आहे, बाळा. तुझ्याकडची काय खबर?"

स्टूल करकरलं.

आई पुढं वाकून ऐकू लागली. बराच वेळ ती मान डोलावत होती. मग डोलावणं थांबलं. पेल्यापाशी टेकवलेला हात तिनं हळूच मागं घेतला.

"पोकुआ," मान न वळवता ती कुजबुजली. "ह्याला आपली भाषा येत नाही गं."