पांढऱ्या हाइकमधली बाई

"यम्मा लिफ्टमध्ये शिरली ते मी डोळ्यांनी पाहिलं," फुदील म्हणाला. "नंतर ती ट्राममध्ये चढली, तेही पाहिलं. पण ट्राममधून ती उतरलीच नाही."

याझिदमामांनी कॉफीचा कप खाली ठेवला. त्यांनी अर्धा जन्म अल्जीअर्समध्ये टॅक्सी चालवली होती. म्हातारपणी ते भाचीच्या शोधकामात तिच्यासोबत हिंडत. पण न उतरलेलं माणूस ही भानगड त्यांच्या डोक्यात शिरेना.

"सुरुवातीपासून सांगा," त्यांची भाची गनिया म्हणाली.

फुदीलने सांगितलं. परवा तो बायको सामियासह यम्माचं, म्हणजे आई लल्ला बायाचं, घर रिकामं करून तिला आपल्याकडे, पूर्वेकडच्या नव्या वसाहतीत नेत होता. आधी मेट्रो, मग ट्राम. लल्ला बायाचा गुडघा कामातून गेलेला, काठीशिवाय पाऊल उचलत नसे, शिवाय सरकत्या जिन्याची धास्ती. म्हणून फलाटावर त्याने तिला लिफ्टमध्ये बसवलं आणि बॅगा घेऊन दोघं जिन्याने निघाली.

"वर पोचलो तर ती रूळ ओलांडत होती. हाका मारल्या, धावलो, पण ट्रामचं दार लागलं. पुढच्या ट्रामने शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. तिथे तिची ट्राम रिकामी उभी होती, तिच्या मागच्या बाकावर हाइक मिळाली. नीट घडी केलेली."

हाइक म्हणजे अंगभर लपेटायची पांढरी चादर. लल्ला बाया त्याशिवाय कधी रस्त्यावर दिसलीच नव्हती. फुदील लोकांना दाखवत होता तो फोटोही हाइकमधलाच होता.

"आणि काठी?"

"काठी नाही मिळाली." त्याने तो फोटो पुढे सरकवला. "ती हल्ली सगळं विसरते हो. मी दवाखाने पाहिले, शवागारही पाहिलं. तुम्हाला काही सापडेल का?"

स्टेशनवर सामिया आधीच येऊन उभी होती. "काही कळलं का?" हेच तिने पहिल्यांदा विचारलं. मग गनियाने काही विचारण्याआधीच म्हणाली, "त्या आमच्याकडे राहायला येणार हे मला आवडलं नव्हतं. सगळ्या इमारतीला ठाऊक आहे. पण म्हणून मी त्यांना गिळलं नाही."

"रूळ ओलांडताना त्या तुम्हाला दिसल्या?"

"पाठमोऱ्या. एका हाताने हाइक हनुवटीशी धरलेली, दुसरा हात वर करून ट्रामला थांबवत होत्या. हाइक पोटरीपर्यंत वर गेली होती. म्हटलं, घाईत नीट गुंडाळली नसेल."

लिफ्ट फलाटावरून निघून मधल्या मजल्यावर, तिकीट खिडक्यांपाशी थांबायची आणि मग रस्त्यावर. मधल्या मजल्यावरच्या पहारेकऱ्याने आधी "आजीबाई सापडल्या का?" असं विचारलं, मग मान हलवली.

"इथे हाइकवाली कोणी उतरली नाही. निळ्या झग्यातली एक उंच बाई मात्र बराच वेळ लिफ्टशी उभी होती. लिफ्ट यायची, वर जायची, ही जागची हलत नव्हती. विचारलं तर म्हणाली, दम खातेय. नंतर कधी गेली कळलं नाही."

वर लिफ्टच्या तोंडाशीच निवडुंगाची फळं सोलून विकणारा बसला होता.

"मिळाली का हो ती म्हातारी?" सुरी न थांबवता तो म्हणाला. "इथून बाहेर पडली ना. दार उघडलं तशी तरातरा ट्रामकडे. आत आणखी एक आजी राहिली होती. म्हटलं, हाज्जा, रस्ता आला, उतरा. तर म्हणाली, चुकून वर आले रे बाळा, मला खालीच जायचंय. म्हाताऱ्या माणसांचा या लिफ्टमध्ये रोजच गोंधळ होतो."

मामांचं डोकं गरगरू लागलं. एक बाई वर न जाता उभी, दुसरी वर येऊन परत खाली, आणि जिला शोधायचं ती तिसरीच. "गनिया, हे लोक आपली चेष्टा तर करत नाहीत ना?"

"नाही मामा. सगळे खरं बोलताहेत."

तेवढ्याने मामा जास्तच गोंधळले.

लल्ला बायाचं घर टेकडीवरच्या जुन्या कसब्याच्या पायथ्याशी होतं. इमारतीच्या दारातच वरून पाण्याची धार मामांच्या टकलावर पडली. वर पाहिलं, तर एका सज्ज्यातल्या तुळशीच्या कुंड्या निथळत होत्या. मामा पुटपुटत टक्कल पुसू लागले. लल्ला बायाच्या दाराला कुलूप होतं, किल्ली फुदीलच्या खिशात. समोरचं दार झुलीखाचं. ती शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेली, चौकटीला डोकं लागेल एवढी उंच.

"लल्ला बायांबद्दल बोलायचं होतं," गनिया म्हणाली.

"बिचारी. माझंसुद्धा नाव विसरायला लागली होती." झुलीखाने दोघांना कॉफी दिली, ताटलीत खजूर भरलेले गोड मक्रूद ठेवले, आणि मुलांनी आईबापांना कसं वागवावं यावर बरंच बोलली.

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "भली बाई आहे. माझा संशय सुनेवर आहे."

"मामा, आज भेटलेल्या प्रत्येकाने आधी काय विचारलं?"

मामांनी आठवून पाहिलं. "सापडली का, हेच."

"आणि झुलीखामावशींनी?"

मामा जिन्यातच थांबले.

संध्याकाळी गनियाने फुदील आणि सामियाला त्याच जिन्यावर बोलावलं आणि झुलीखाचं दार वाजवलं.

"काठीशिवाय पाऊल न टाकणारी बाई तरातरा चालत रूळ ओलांडते," ती म्हणाली. "एका हातात हाइक, दुसरा हात हवेत. मग काठी कुठे धरली? लल्ला बायांना पायघोळ होणारी हाइक हिच्या पोटरीपर्यंत जाते. म्हणजे ही उंच होती. तुम्ही आईला पाहिलंच नाहीत, फुदील. तुम्ही हाइक पाहिलीत."

"मग यम्मा?"

"लिफ्टमध्ये. मधल्या मजल्यावर एक बाई बराच वेळ थांबली होती, कारण तिला लिफ्ट नको होती, लिफ्टमधलं माणूस हवं होतं. दार लागल्यावर हाइक एकीच्या अंगावरून दुसरीच्या अंगावर गेली. वर एक जण उतरली. 'चुकून आले' म्हणणारी दुसरी साध्या कपड्यांत खाली गेली आणि उलट दिशेची मेट्रो धरली. तिच्याकडे कोण बघणार? गोंधळलेली म्हातारी, रोजचीच. इकडे पहिलीने ट्राममध्ये हाइकची घडी घातली आणि बाजाराच्या थांब्यावर गर्दीत निळ्या झग्यात उतरली. बरोबर ना, मावशी?"

झुलीखाने खांदे उडवले. "घडी नसती केली तर बरं झालं असतं. पण कापड चांगलं होतं."

"कुठे आहे ती?" फुदील ओरडला.

"जिथे तुम्ही बघितलंच नाही, कारण किल्ली तुमच्या खिशात होती. दुसरी किल्ली शेजारणीकडे असते हे तुम्ही विसरलात. त्या रिकाम्या घराच्या सज्ज्यातल्या तुळशीला आज कोणी तरी पाणी घातलं. ते मामांच्या डोक्यावर पडलं."

मामांचा हात आपोआप टकलावर गेला.

फुदीलने खिशातून किल्ली काढली. सामियाने ती घेऊन दार उघडलं. उघड्या फरशीवर एक गोधडी अंथरलेली, आणि भिंतीला टेकून लल्ला बाया बसलेली.

"शवागारात गेलो होतो मी," फुदील म्हणाला. "एकेक चादर वर करून बघितली, यम्मा."

म्हातारीचा चेहरा उतरला. एवढा विचार तिने केला नव्हता. तिने हातातली काठी बाजूला ठेवली.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "पण महिनाभर मी नाही म्हणत होते. दर वेळी तू सामियाला सांगायचास, तिला कळत नाहीये. एकदा बाजारात रस्ता चुकले, तेव्हापासून माझं 'नाही'सुद्धा विसरण्यात जमा झालं. मग म्हटलं, हरवूनच दाखवते."

सामिया जाऊन सासूच्या शेजारी फरशीवर बसली. "मला विचारलं असतं तर मीच हाइक गुंडाळून गेले असते," ती म्हणाली, आणि म्हातारीला हसू आवरेना.

गनिया निघाली. मामांचा पाय निघत नव्हता. फुदीलने खिशातून फोन काढला, उद्या सकाळी कामावर जायचंय असं काहीतरी पुटपुटला, मग फोन परत ठेवला आणि बूट काढले.

"राहतोस?" लल्ला बाया गोधडीची कड त्याच्याकडे सरकवत म्हणाली. "उशी नाही हं. उश्या तू नेल्यास."